धर्मांतरानंतरचे घर

मराठी ख्रिस्ती मनुष्याविषयी आपल्या वाङ्मयात आजवर जे लिहिले गेले, त्याचा बहुतेक भाग त्याच्या बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबतो. तो कोणत्या कुळात जन्मला, कोणत्या शंकांनी त्याच्या मनास घेरले, कोणते पुस्तक कोणत्या प्रवासात त्याच्या हाती पडले, आप्तांनी त्याला कसे टाकले आणि समाजाने त्याची कशी निर्भर्त्सना केली, हे सारे सविस्तर सांगणारा चरित्रकार त्याच्या मस्तकावर पाणी पडताच आपले कार्य संपले असे मानून लेखणी खाली ठेवतो. आणि टीकाकार अनुकूल असो वा प्रतिकूल, तोही त्याच एका दिवसाभोवती घोटाळत राहतो. परंतु त्या दिवसानंतर तोच मनुष्य तीस-चाळीस वर्षे जगतो. त्याच्या घरी मुले जन्मास येतात, आजारी पडतात, शाळेत जातात; पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही; सासू-सुनेचे पटते किंवा पटत नाही; आणि चुलीपाशी रोज दोन वेळा तोच प्रश्न उभा राहतो, की आज काय शिजवायचे आणि कोणाकोणास वाढायचे. पुढील लेख या नंतरच्या वर्षांविषयी आहेत. श्रद्धा खरी की उसनी, याचा निर्णय बाप्तिस्म्याच्या दिवशी होत नसून तो घरात, हळूहळू, माणसांच्या सहवासात होतो, आणि त्या निर्णयाची खूण म्हणजे त्या घरात नांदणारा आनंद, अशी माझी धारणा आहे. आणि ती ज्या माणसांच्या आयुष्यांवरून बनली त्यांची ओळख करून देणे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

पवित्र शास्त्र स्वतः या बाबतीत आपल्या चरित्रकारांहून अगदी निराळ्या प्रमाणाने चालते असे नाही, हे मान्य केले पाहिजे. येशूच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे नासरेथात, सुताराच्या घरात गेली आणि त्या वर्षांविषयी शुभवर्तमानकार जवळजवळ काहीच सांगत नाहीत; त्यांचा सारा भर शेवटच्या तीन वर्षांवर आहे. तथापि त्या तीन वर्षांत त्याने जे दाखले सांगितले त्यांची सामग्री कोठून आली असे विचारले, तर उत्तर त्या मौनातल्या तीस वर्षांकडेच बोट दाखविते. पिठात मिसळलेले खमीर, हरवलेल्या नाण्यासाठी घर झाडणारी बाई, अपरात्री शेजाऱ्याच्या दारी भाकरी मागणारा मनुष्य, घर सोडून गेलेल्या मुलासाठी मांडलेली मेजवानी, हे सारे एखाद्या विद्यापीठात सुचण्यासारखे नाही. ज्याने आईला घर चालविताना लहानपणापासून न्याहाळले आहे त्यालाच हे दिसते. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीस लिहिलेले पत्र तर आनंदाने ओतप्रोत भरलेले आहे, आणि ते लिहिणारा त्या वेळी बंदिवासात होता. ख्रिस्ती आनंदाची ही दोन उगमस्थाने, एक घर आणि दुसरे संकट, वाचकाने ध्यानात ठेवावीत. कारण महाराष्ट्रातील ज्या कुटुंबांविषयी मला लिहावयाचे आहे त्यांत ही दोन्ही एकत्र आढळतात.

त्यांतील पहिले कुटुंब अर्थातच टिळकांचे. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि १९१९ च्या मे महिन्यात ते मुंबईतच निवर्तले. त्यांची कविता, ‘अभंगांजली’, ‘ज्ञानोदया’चे संपादन, तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो हे त्यांनी आवर्जून दिलेले श्रेय, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष मात्र १८९५ पासून १९०० पर्यंतच्या त्या पाच वर्षांकडे लागून राहते, ज्यांत या घराचे दोन तुकडे झाले होते. नवरा ख्रिस्ती झाला. बायको, लक्ष्मीबाई, लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांकडे राहिली. सोवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेल्या घरात तिचे बालपण गेले होते. तिला लिहिण्यावाचण्याची जी काही ओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे. आणि आता त्याच नवऱ्याने तिच्या पायाखालची सारी जमीन एका दिवसात काढून घेतली होती. या प्रसंगी टिळकांचा धर्म त्यांच्या बुद्धीला पटला होता, परंतु त्यांचे घर त्यांच्यापाशी नव्हते. अशा मनुष्यास पुरता ख्रिस्ती म्हणावे काय, हा प्रश्न कठोर वाटेल. पण टिळकांच्या पुढील आयुष्याकडे पाहता, पत्नी परत येईपर्यंत आपले काहीतरी अपुरे राहिले आहे हे त्यांनी स्वतःच ओळखले होते असे मला वाटते.

लक्ष्मीबाई परत आल्या त्या नवऱ्याकडे, त्याच्या धर्माकडे नव्हे. प्रारंभी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. एकाच संसारात दोन आचार काही काळ शेजारी शेजारी नांदले. पुढे त्यांच्या मनात जो पालट झाला त्याचे वर्णन ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकास स्मरत असेल. तो पालट त्रैक्याच्या सिद्धांतावरून झाला नाही आणि मूर्तिपूजेच्या वादावरूनही झाला नाही. माणसे ईश्वराने निर्माण केली आणि त्यांच्यामधील जाती माणसांनी पाडल्या, तर मग अमक्याच्या हातचे पाणी का चालू नये, या एका प्रश्नावरून तो झाला; आणि हे एकदा पटताच, बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच, त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो आधीच झालेल्या गोष्टीचा दाखला होता. मला या क्रमाचे फार महत्त्व वाटते. पतीच्या ठिकाणी श्रद्धा बुद्धीतून घराकडे आली. पत्नीच्या ठिकाणी ती पाण्याच्या घागरीपासून निघून बुद्धीकडे गेली. पहिला मार्ग तेजस्वी आहे, त्याची स्तोत्रे होतात. दुसरा संथ आहे. पण स्वयंपाकघरातून जी श्रद्धा आत येते ती पुन्हा घराबाहेर जात नाही, हे माझ्या पाहण्यातील अनेक कुटुंबांनी मला शिकविले आहे.

त्यानंतरचे टिळकांचे घर म्हणजे अखंड चाललेली पंगत. नगरास असताना कोणी अनाथ मूल, कोणी निराधार बाई, कोणी वाट चुकलेला विद्यार्थी त्या घरी यावा आणि तेथलाच होऊन राहावा, हा नित्याचा परिपाठ होता. बालकवी ठोंबरे त्या घरी मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांनी व्हावे म्हणून त्या घरातील माया कमी-जास्त झाली नाही. प्लेगाच्या दिवसांत या दांपत्याने रोग्यांची सेवा केली. टिळक देण्यास बसले म्हणजे उद्याचा विचार करीत नसत. घरात दाणा आहे की नाही हे त्यांच्या गावीही नसे. तो विचार लक्ष्मीबाईंना करावा लागे. नवऱ्याच्या औदार्याची किंमत प्रत्यक्षात बायको मोजते, ही गोष्ट संतचरित्रांत सहसा लिहिली जात नाही. लक्ष्मीबाईंनी ती लिहिली, आणि तीही तक्रारीचा सूर न काढता, हसत हसत लिहिली. लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरिया या दोन बहिणींचा प्रसंग आहे. त्यावरील प्रवचनांत मार्थेच्या वाट्यास नेहमी बोलणीच येतात. ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर मला वाटू लागले की मार्थेनेही जर आपली हकीकत लिहून ठेविली असती, तर प्रवचनकार तिच्याविषयी अधिक जपून बोलले असते. देणारा हात पवित्र खराच. परंतु द्यावयास काही शिल्लक राहील अशी व्यवस्था करणारा हात त्याहून कमी पवित्र नाही, आणि ज्या शहाणपणाविषयी मी पुढे लिहिणार आहे ते प्रामुख्याने या दुसऱ्या हाताचे शहाणपण आहे.

‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक एका कुटुंबाने मिळून निर्माण केलेले आहे, ही बाब येथे नमूद करणे अगत्याचे वाटते. वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून दे, असा आग्रह मुलाने, म्हणजे पूर्वीच्या दत्तूने, देवदत्तांनी, धरला. आईने लिहिण्यास आरंभ केला. आणि १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. १९३६ च्या फेब्रुवारीत नाशिक येथे लक्ष्मीबाई वारल्या तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता, तो मुलाने पुरा केला. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याची कथाही अशीच आहे: पतीने आरंभीचे थोडे अध्याय रचून ते अर्धवट सोडले, आणि ज्या स्त्रीस शाळा ठाऊक नव्हती तिने उरलेला फार मोठा भाग रचून ते तडीस नेले, तेही मुलानेच पुढे १९३८ साली छापून काढले. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम छापले गेले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्या एका विद्वान संन्यस्ताच्या आहेत आणि त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण तीनशे वर्षांनी त्याच विषयावरचे दुसरे मराठी काव्य नवरा, बायको आणि मुलगा अशा तिघांच्या हातून पुरे व्हावे, यात मराठी ख्रिस्ती जीवनाने मधल्या काळात केलेला प्रवास दिसतो.

आता मी जेथे बसून हे लिहीत आहे त्या मुलखाकडे वळतो. मुळशी तालुका ख्रिस्ती इतिहासात गाजलेला नाही. त्याचे नाव गाजले ते १९२१ च्या सत्याग्रहाने. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटा कंपनीचे धरण व्हावयाचे ठरले, सरकारने कायद्याच्या बळावर जमिनी संपादन करून देण्याचे मान्य केले, आणि त्या वर्षीच्या रामनवमीस मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. तीन वर्षे लढा चालला आणि अखेर मोडला. मोबदल्याचे कागद ज्यांच्या नावे होते त्यांच्या हाती काही रक्कम पडली, जे केवळ कसणारे कूळ होते त्यांच्या हाती काही पडले नाही, आणि भातखाचरांवर पाणी चढले. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. राजास मळा हवा असतो. तो बदल्यात दुसरा चांगला मळा किंवा रोख मोल देऊ करतो. नाबोथ आपल्या वाडवडिलांचे वतन देण्यास नकार देतो. आणि मग राणी दस्तऐवज तयार करून, राजाची मोहर उमटवून, खोटे साक्षीदार उभे करून त्याचा जीव घेते. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण मुळशीत, धरणाच्या काठी राहणाऱ्या माणसांत ती मोठ्याने वाचली गेली तेव्हा ऐकणाऱ्यांतील वृद्धांचे, ज्यांपैकी कोणी ख्रिस्ती नव्हते, चेहरे मी पाहिले, आणि शास्त्र कोणाचे या प्रश्नाचे मला त्या दिवशी निराळेच उत्तर मिळाले. आपल्या घराची श्रद्धा शेजाऱ्याच्या दुःखास लागू पडते किंवा नाही, हे तपासून पाहण्याची सवय मला तेथून लागली.

ज्या महिन्यांत या खोऱ्यात सत्याग्रह चालू होता, नेमक्या त्याच महिन्यांत याच पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकास, केडगाव येथे, पंडिता रमाबाई आपल्या बायबलाच्या भाषांतराचे अखेरचे काम करीत होत्या. मुळशीचा मुलूख अतिवृष्टीचा, केडगावचा अवर्षणाचा. येथून निघालेली मुळा पुण्यात मुठेस मिळते आणि पुढे दौंड तालुक्याच्या सीमेवर भीमेत विलीन होते, एवढाच दोहोंचा संबंध, आणि त्यातीलही पुष्कळसे पाणी धरणाने विजेसाठी पश्चिमेस कोकणात वळविले. रमाबाईंचे घर रक्ताच्या नात्यावर उभे राहू शकले असते असे नव्हतेच. दुष्काळात आईबाप गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेला, आणि तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी कडेवर मनोरमा ही एकच मुलगी राहिली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली शारदा सदन काढले. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावच्या माळावर मुक्तिसदन वसविले. ज्या बाईचे घर दुष्काळाने मोडले तिने दुष्काळानेच मोडलेल्या मुलींचे घर बांधावे, यातील संगती मला नेहमी थांबवून धरते.

मुक्तिसदनात प्रार्थना होती, तशीच विहीर, शेती, गाई, माग, घाणा आणि छापखानाही होता. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्यासुध्या खेडुत स्त्रीस कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र आणावे हा त्यांचा ध्यास होता, आणि त्या भाषांतराचे खिळे जुळविणाऱ्या त्यांच्या मुलीच होत्या. इंग्लंडात असतानाही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. धर्म बदलला म्हणून जीभ आणि वस्त्र बदललेच पाहिजे हे त्यांना कोणीही, अगदी त्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या चर्चनेही, पटवून देऊ शकले नाही. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. मुलगी गेल्यावर आई नऊ महिने जगली, आणि त्या नऊ महिन्यांत तिने भाषांतराचे काम हातावेगळे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी तिचा अंत झाला आणि ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. या शेवटच्या नऊ महिन्यांस आनंदाचे म्हणता येईल काय? सुखाचे ते खास नव्हते. तरीही केडगावच्या त्या छापखान्यात त्या दिवसांत जे चालले होते त्यास मी दुसरे नाव देऊ शकत नाही. कारण पौलाच्या पत्रातील आनंद जर खरा असेल, तर तो याच जातीचा असला पाहिजे.

टिळक आणि रमाबाई या दोन कुटुंबांविषयी लिहिताना मनास एक टोचणी लागून राहते आणि ती वाचकापासून लपवू नये. टिळक दांपत्य काय किंवा रमाबाई काय, जन्माने ब्राह्मणच. मराठी ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग नगर, औरंगाबाद, जालना या बाजूच्या महार-मांग वस्त्यांतून आला. त्यांतील अनेकांनी दुष्काळाच्या वर्षांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्याबद्दल पोटासाठी बाटले असा शेरा त्यांच्या कपाळी कायमचा मारण्यात आला. ज्यांनी हा शेरा मारला त्यांनी त्याच दुष्काळात त्या वस्त्यांस काय वाढले होते, हे विचारण्याचा हक्क इतिहासास आहे. या कुटुंबांची ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली नाहीत. त्यांचे शहाणपण पेटीच्या सुरात आणि झांजेच्या तालात गायिलेल्या भजनांत राहिले, मिशनच्या शाळेत शिकून खेड्यात मास्तर झालेल्या बापाच्या करड्या शिस्तीत राहिले, मिरजेच्या वानलेस रुग्णालयासारख्या ठिकाणी परिचारिका झालेल्या मुलींच्या रात्रपाळीत राहिले. मंडळीच्या आत जातीची भिंत पुरती पडली असेही नाही. लग्ने जुळविताना ती पुन्हा उभी राहते, आणि जेथे ती उभी राहते तेथे लक्ष्मीबाईंनी पाण्याच्या घागरीपाशी दिलेली साक्ष आम्ही विसरलो आहोत असे समजावे. पुढील लेखांपैकी निम्म्याहून अधिक या न लिहिल्या गेलेल्या घरांना मी मुद्दाम दिले आहेत.

त्या घरांत रोज काय घडते? दिवेलागणीस कौटुंबिक उपासना होते. घरातील वडीलधारे कोणी एक अध्याय वाचते, ‘उपासना संगीत’ उघडून एक गीत म्हटले जाते, धाकटे मूल झोपेने डुलत असताना थोरले प्रार्थना करते, आणि त्या प्रार्थनेत परीक्षा, ताप, शेजारणीचे बाळंतपण, परगावी गेलेला भाऊ असे सारे येते. बाहेरून पाहणाऱ्यास ही क्रिया निर्जीव वाटेल, आणि कित्येक संध्याकाळी ती तशी असतेही. पण दिवसभर एकमेकांशी अबोला धरलेल्या दोन माणसांना संध्याकाळी एकाच चटईवर बसून एकमेकांचे नाव घेऊन प्रार्थना करावी लागते, तेव्हा त्या अबोल्याचे आयुष्य आपोआप कमी होते. मराठी घरांत भांडणे मिटविण्याची जी अनेक साधने आहेत त्यांत हे मला सर्वांत गुणकारी वाटत आले आहे.

कापणीच्या सणास मुळशीसारख्या भाताच्या मुलखात निराळी शोभा येते. शेतकरी भाताच्या लोंब्या आणतो, कोणी नाचणी, कोणी घरचा भोपळा, कोणी कोंबडी, आणि ज्याच्याकडे शेत नाही तो पगारातला हिस्सा घेऊन येतो. ते सारे वेदीपुढे मांडले जाते, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि रक्कम मंडळीच्या कामी लागते. अलीकडे हिंजवडी-माणच्या बाजूस नगर, जालना, सांगली येथून नोकरीसाठी आलेली कुटुंबे उंच इमारतींत राहू लागली आहेत. त्यांच्या मुलांना भाताचे रोप आणि गवत यांतील भेद कळत नाही, पण लिलावात आंबेमोहराची पायली घेण्यासाठी त्यांचे वडील चढाओढीने बोली वाढवितात तेव्हा मुले डोळे विस्फारून पाहतात, आणि अन्न कोठून येते याचा पहिला धडा त्यांना मिळतो. नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचे डबे शेजारीपाजारी जातात. तेच डबे दिवाळीत भरून आलेले असतात, आणि रिकामा डबा परत करू नये ही मराठी गृहिणीची रीत दोन्ही धर्मांच्या घरांत सारखीच पाळली जाते. नाताळची गाणी म्हणत फिरणारी तरुण मंडळी मध्यरात्री दारी आली की घरातील आजी उठून दिवा लावते आणि थंडीत कुडकुडणाऱ्या त्या पोरांना चहा पाजल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

लेखांच्या मांडणीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हयात असलेल्या कोणत्याही कुटुंबाचे नाव मी दिलेले नाही. ज्यांनी आपल्या घरातील दुःखे विश्वासाने सांगितली त्यांच्या शेजाऱ्यांना ती कळू नयेत म्हणून गावे आणि व्यवसायही काही ठिकाणी वगळले आहेत. शास्त्रवचने उद्धृत करण्याऐवजी प्रसंगाचा निर्देश करून भागविले आहे, जेणेकरून वाचकाने आपल्या घरातील प्रत उघडून ती स्वतः पाहावीत. ज्यांच्या घरी ती प्रत नाही त्यांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ मिळविता येईल, ज्यास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला आणि जे वसईच्या त्या धर्मगुरूने केवळ ख्रिस्ती वाचक समोर ठेवून लिहिलेले नाही. लेखांना कालानुक्रम नाही. घर ज्या क्रमाने चालते त्या क्रमाने, म्हणजे पाणी, चूल, पंगत, आजारपण, शाळा, लग्न, कर्ज, म्हातारपण अशा ओळीने ते लावले आहेत, आणि म्हणून पहिला लेख गालीलातील काना गावच्या लग्नघरी सुरू होतो, जेथे द्राक्षारस संपल्याचे प्रथम एका आईच्या ध्यानात आले आणि चाकरांना पाण्याचे सहा रांजण काठोकाठ भरावे लागले.

पौड, तालुका मुळशी